पोटावरचा मारा कसा शिकावा : माइक मॅकॅलमच्या लढती समोर ठेवून

बॉक्सिंग शिकणारी मुलं-मुली जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) पटकन उचलतात. घोडं अडतं ते बॉडीपाशी, म्हणजे पोट आणि बरगड्यांवरच्या माऱ्यापाशी. तीन राउंडच्या लढतीत सगळे ठोसे डोक्याकडे जातात, समोरच्याचा गार्ड, म्हणजे बचावासाठी धरलेले हात, वर चढतो, कोपराखालची बरगडी उघडी पडते आणि तिकडे कुणाचं लक्षही जात नाही. हे सुधारायचं असेल तर जमैकन बॉक्सर माइक मॅकॅलमच्या लढतींसारखा दुसरा अभ्यासक्रम नाही. नाशिकमध्ये चार भिंतींची साधी व्यायामशाळा, एक पंचिंग बॅग आणि एक फोन एवढ्यावर हा अभ्यास होतो.

मॅकॅलमचा जन्म १९५६ चा, जमैकातल्या किंग्स्टनचा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये तो जमैकाकडून खेळला आणि १९७८ च्या एडमंटन राष्ट्रकुल स्पर्धेत वेल्टरवेटचं सुवर्ण जिंकला. (नाशिककरांनी राष्ट्रकुल पदकाचं मोल धावपटू कविता राऊतमुळे जवळून पाहिलं आहे.) १९८१ मध्ये तो व्यावसायिक झाला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शॉन मॅनियनला हरवून त्याने डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा ज्युनियर मिडलवेट किताब घेतला. जमैकात जन्मलेला तो पहिला जागतिक विजेता. पुढे १९८९ मध्ये मिडलवेट आणि १९९४ मध्ये डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेचा लाइट हेवीवेट, असे तीन वजनगटांतले किताब. एकूण ५५ लढती, ४९ विजय, त्यात ३६ नॉकआउट, ५ पराभव, १ बरोबरी. पाचही पराभव गुणांवर झाले, त्याला कुणीही थांबवू शकलं नाही. 'बॉडी स्नॅचर' हे त्याचं टोपणनाव. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. मे २०२५ मध्ये तो गेला.

लढती कशा पाहायच्या

आवाज बंद करून पाहा. समालोचक जे सांगतो तेच डोळ्यांना दिसू लागतं आणि नेमकं हवं ते निसटतं. प्रत्येक लढत तीनदा पाहायची : एकदा सलग, दुसऱ्यांदा फक्त मॅकॅलमचे पाय, तिसऱ्यांदा फक्त त्याचा डावा हात. तिसऱ्या वेळी वहीत प्रत्येक राउंडचे दोन रकाने करा. एकात पोटावर पडलेला प्रत्येक ठोसा, दुसऱ्यात त्याच्या आधी काय झालं ते. दोन-तीन राउंडांतच कळतं की पोटावरचा ठोसा क्वचितच एकटा येतो. आधी जॅब असतो, हूल असते, नाहीतर समोरच्याने स्वतःच ठोसा मारलेला असतो.

पहिल्यांदा डोनाल्ड करीविरुद्धची लढत घ्या, जुलै १९८७, लास व्हेगास. करी गुणांत पुढे होता. पाचव्या राउंडमध्ये मॅकॅलमचा डावा हुक (कोपर वाकवून बाजूने फिरवलेला ठोसा) हनुवटीवर बसला आणि लढत तिथेच संपली. त्या एका हुकचीच चित्रफीत सगळे पाहतात. तुम्ही मात्र आधीचे चार राउंड पाहा. त्याच डाव्या हाताने पोटावर काम झालं असेल तरच तो हात वर कुठे जाणार याचा अंदाज चुकतो.

मग मायकेल वॉटसन, एप्रिल १९९०, लंडन. अकराव्या राउंडपर्यंत चाललेली ही लढत पोटावरच्या माऱ्याचा हिशेब शेवटी कसा चुकता होतो ते दाखवते. ज्युलियन जॅक्सनविरुद्धची १९८६ ची लढत छोटी आहे. पहिल्या राउंडमध्ये मॅकॅलम हलला होता, तरी दुसऱ्यात त्यानेच लढत संपवली. जबर ठोसे मारणाऱ्यापासून पळायचं नसतं, त्याच्या हाताच्या आत शिरायचं असतं, हे इथे दिसतं. आणि १९९१ ची जेम्स टोनीविरुद्धची बरोबरी शेवटी ठेवा. जवळून लढणं किती नाजूक काम आहे हे ती बारा राउंडांत शिकवते, पण पाया पक्का नसेल तर त्यातलं अर्धं दिसतच नाही.

१९८८ मध्ये सुंबू कालांबेने इटलीत त्याला गुणांवर हरवलं, तीही लढत चुकवू नका. पायांनी सतत जागा बदलणाऱ्याला पोटावर गाठणं का अवघड जातं, ते त्यात आहे.

नेमकं कुठे मारायचं

यकृत उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आड असतं. म्हणजे समोरच्याचं यकृत तुमच्या डाव्या हाताला. त्याच्या उजव्या कोपराच्या टोकाच्या थोडं पुढे आणि आत, बरगड्या जिथे संपतात तिथे. तिथे ठोसा नीट बसला की रक्तदाब एकदम पडतो, श्वास अडतो आणि पाय सुटतात. परिणाम बहुधा एखाद्या सेकंदाने दिसतो. म्हणून ठोसा बसल्यावर थांबून बघत बसू नका, पुढचा हात तयार हवा.

दुसरी जागा छातीच्या हाडाखालचा खळगा. तिथे जॅब किंवा सरळ उजवा. पट्ट्याच्या खाली, पाठीवर आणि मूत्रपिंडावर मारणं नियमबाह्य आहे. हुक फार लांबून फिरवला की तो पाठीकडे जातो आणि पंच ताकीद देतात. चुकीची मापं लागलेल्या हुकवर गुण गमावण्यात काही शहाणपण नाही.

समोरचा डावखुरा असेल तर त्याची उजवी बाजू पुढे असते, म्हणजे यकृत तुमच्या जवळ येतं. तिथे डाव्या हुकइतकाच सरळ उजवा पोटावर चालतो. मॅनियन डावखुरा होता आणि १९८९ मध्ये ज्याला हरवून मॅकॅलमने मिडलवेट किताब घेतला तो हेरॉल ग्रॅहमही डावखुराच. या दोन लढतींत उजव्या हाताचा रकाना वेगळा करा.

डावा हुक, टप्प्याटप्प्याने

हे उजव्या हाताच्या बॉक्सरसाठी आहे, डावखुऱ्याने बाजू उलटाव्यात.

डावा पाय १० ते १५ सेंटिमीटर तिरका, डावीकडे-पुढे टाका. दोन्ही गुडघे वाकवून वजन डाव्या पायावर घ्या. डोकं आता समोरच्याच्या उजव्या हाताच्या रेषेबाहेर आलेलं असलं पाहिजे, आणि नजर त्याच्या छातीवर. कोपर बरगडीला चिकटलेलं, काटकोनात. मूठ खालून वर, साधारण ४५ अंशांनी तिरकी जाते. फावड्याने माती उचलताना हात जसा जातो, तसा. ताकद खांद्यातून काढायची नाही. डावी टाच बाहेर फिरते, कंबर फिरते, हात नुसता मागोमाग येतो. उजवा हात पूर्णवेळ गालाला. ठोसा बसला की गुडघे सरळ करत वर या आणि डावीकडून बाहेर पडा, किंवा उजवा मारा.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे गुडघ्यांऐवजी कमरेत वाकणं. असं वाकलं की नजर जमिनीकडे जाते, डोकं थेट अपरकटच्या, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाच्या, वाटेत येतं आणि कमरेतून फिरायला जागाच उरत नाही. ठोसा मग नुसता थापटल्यासारखा लागतो. खोल बैठक जमत नसेल तर दोष बहुतेकदा घोट्यात असतो, ताकदीत नव्हे. टाच न उचलता खाली बसता येत नाही. रोज २० सावकाश बैठका, टाचा टेकवून, हा त्याचा उपाय.

दुसरी चूक : जोर घेण्यासाठी डावा हात आधी खाली सोडणं. समोरच्याला तेवढी खूण पुरते, त्याचा उजवा तुमच्या जबड्यावर आलाच समजा. हात जागेवर ठेवून गुडघ्यांनी खाली जायचं, म्हणजे मूठ आपोआप पोटाच्या उंचीला येते. तिसरी : उजवा हात गालापासून सुटणं. उजवा ग्लोव्ह आणि गाल यांच्यात घडी केलेला रुमाल धरून सराव करा, सुटला की दिसतो. चौथी चूक हाड मोडणारी आहे. समोरच्याचं कोपर बरगडीवर असताना जोरात हुक घातला तर मूठ कोपराच्या टोकावर आदळते आणि तळहातातलं हाड मोडू शकतं. कोपर हलेपर्यंत पूर्ण जोर लावायचा नाही.

कोपर हलतं कधी? तो उजवा मारतो तेव्हा. त्या क्षणी त्याचं कोपर बरगडी सोडतं आणि यकृत उघडं पडतं. म्हणून त्याचा उजवा चुकवत डावीकडे खाली जाणं आणि त्याच हालचालीत हुक देणं, ही या साऱ्या अभ्यासातली सर्वांत किमती गोष्ट. मॅकॅलमच्या लढतीत तुमचा दुसरा रकाना याच नोंदींनी भरेल.

बॅग आणि पट्ट्या

चार फुटी बॅग घ्या, ६० ते ६५ किलो वजनाच्या मुलाला ३० किलोंची पुरते. वरचं टोक कपाळाच्या उंचीला टांगा, म्हणजे तळ गुडघ्याच्या खाली येतो. बॅग वर टांगली की पोटाच्या उंचीला मारायला काही उरतच नाही. उंची १७० सेंटिमीटर असेल तर जमिनीपासून साधारण १ मीटरवर पट्ट्याची रेघ काढा आणि तिच्या वर १० ते १५ सेंटिमीटरवर, बॅगेच्या तुमच्या डाव्या बाजूला, चिकटपट्टीची खूण करा.

भरायला शिंप्याकडच्या चिंध्या आणि जुन्या चादरी उत्तम. बटणं आणि चेन काढा, पंजाएवढे तुकडे करा, वीतभर थर घालून दाबत जा. वाळू थेट ओतू नका. ती खाली बसते, तळ दगड होतो आणि पोटाचा हुक नेमका तिथेच पडतो. मनगट लवकरच दुखू लागतं.

हाताच्या पट्ट्या साडेचार मीटरच्या. हुकमध्ये मनगट वळतं, म्हणून मनगटाला नेहमीपेक्षा दोन वेढे जास्त द्या. पावसाळ्यात पट्ट्या आणि ग्लोव्ह्ज बंद पिशवीत ठेवले की बुरशी येते. घरी पंख्याखाली वाळवायचे, ग्लोव्ह्जमध्ये वर्तमानपत्राचे बोळे.

सराव

पहिले दोन आठवडे ग्लोव्ह नको. आरशासमोर दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, फक्त पाय, गुडघे आणि वजनाची अदलाबदल. मग भिंतीपासून डावा खांदा वीतभर अंतरावर ठेवून सावकाश हुक. कोपर बाहेर उडालं तर भिंतीला लागेल, इतकी साधी कसोटी.

तिसऱ्या आठवड्यापासून बॅगेवर चार राउंड. पहिल्यात फक्त जॅब, एक डोक्याला, एक पोटाला. मॅकॅलमचा सगळा डोलारा जॅबवर उभा होता, त्यामुळे हा राउंड कंटाळवाणा वाटला तरी वगळायचा नाही. दुसऱ्यात जॅब, क्रॉस, डावा हुक पोटाला. क्रॉस मारल्यावर वजन डाव्या पायावर आलेलंच असतं, हुकसाठी वेगळी तयारी लागत नाही. तिसऱ्यात डावा हुक पोटाला आणि लगेच तोच डावा डोक्याला. चौथ्यात मोकळं, पण एकाच जागेवरून सलग तीनपेक्षा जास्त ठोसे नाहीत. जोर ६० टक्के ठेवा. खूण चुकत असताना जोर वाढवला की चुकीचाच हुक पक्का होतो.

पॅडवर (प्रशिक्षकाने हातात धरलेल्या गाद्यांवर) मारताना प्रशिक्षकाने जाड अंगरखा घालावा, ज्याला बॉडी प्रोटेक्टर म्हणतात. त्याने उजवा टाकायचा, मुलाने चुकवून हुक द्यायचा. सुरुवातीला उजवा कधी येणार ते सांगून, आठवड्याभराने न सांगता. शिकणाऱ्यांच्या पोटावरच्या स्पारिंगमध्ये (जोडीदाराशी सरावाच्या लढतीत) १६ औंसांचे ग्लोव्ह, माउथगार्ड, ग्रोइन गार्ड आणि मुलींना चेस्ट गार्ड, यांत सूट नाही. आठवड्यातून एकदा पुरे, आणि ठोसा स्पर्शापुरता.

पोटावर मारणारा दमला तर ताठ उभा राहतो आणि मारही उंच जातो. म्हणून पाय हवेतच. आठवड्यातून तीन दिवस ५ किलोमीटर, गोल्फ क्लब मैदानाचा किंवा कृषीनगरचा ट्रॅक चांगला आहे, आणि एक दिवस पांडवलेणीच्या पायऱ्या. पायऱ्या चढताना पळा, उतरताना चालत या, पळत उतरण्यातच गुडघे जातात. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत पहाटे अंग तापवायला किमान २० मिनिटं द्या. थंड कमरेने हुक फिरवला की पाठीत उसण भरते. स्पारिंगच्या आधी तीन तास जड काही खायचं नाही. मिसळ रविवारी, सराव आटोपल्यावर.

कधी थांबायचं

डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड किंवा कावीळ होऊन गेली असेल तर यकृत किंवा प्लीहा सुजलेली असू शकते. सुजलेली प्लीहा हलक्या माराने फाटू शकते आणि ते जिवावर बेततं. ताप उतरला, अंगात ताकद आली, म्हणून पोटावरचं स्पारिंग सुरू करायचं नाही. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. पावसाळ्यानंतर प्रत्येक प्रशिक्षकाने मुलांना विचारावं की गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणाला ताप आला होता का. मुलं स्पर्धेपायी लपवतात, म्हणून घरी फोन करून विचारलेलं बरं.

पोटावर मार बसल्यावर दोन-तीन मिनिटांत श्वास सुरळीत झाला तरी त्या दिवसाचं स्पारिंग तिथेच थांबवा. पोटातलं दुखणं वाढत गेलं, खांद्याच्या टोकात दुखू लागलं, चक्कर आली, उलटी झाली किंवा लघवीत रक्त दिसलं तर थेट रुग्णालयात न्या. वेदनाशामक गोळी देऊन घरी पाठवू नका. वाटेत खायला-प्यायला काही देऊ नका आणि मार कुठे, किती वाजता बसला ते डॉक्टरांना सांगा.