टीपीआर चार्टमागचा विचार: वॉर्डमध्ये सिस्टरांना क्लिनिकल रिझनिंग कसे शिकवावे

नाडी 112, बीपी 100/82, ताप नाही. टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदीचा तक्ता) सगळे नीट लिहिलेले असते, खाली ‘व्हायटल्स स्टेबल’ असा शेराही असतो, आणि तरी दोन तासांनी रुग्ण शॉकमध्ये जातो, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडू लागतो. आकडे घ्यायला नर्सिंग कॉलेजात शिकवतात. ते शेजारी-शेजारी ठेवून ‘याचा अर्थ काय, आता मी काय करू’ असे स्वतःला विचारण्याची सवय मात्र वॉर्डमध्येच लावावी लागते.

गट पाच-सहा जणींचा ठेवा. दुपारच्या हँडओव्हरनंतर 20 मिनिटे, आठवड्यातून दोनदा, एवढे पुरते. एका बैठकीत एकच केस. सुरुवात वॉर्डात त्या महिन्यात जे दिसते त्यापासून करा. नागपुरात सप्टेंबर असेल तर डेंग्यू घ्या.

केस तुकड्यांनी द्या

आधी एवढेच सांगा: कामठीचा 28 वर्षांचा तरुण, वजन 60 किलो, डेंग्यू पॉझिटिव्ह, तापाचा पाचवा दिवस. सकाळपासून ताप नाही. आई विचारते, “ताप तं उतरला न सिस्टर, आता घरी नेऊ का?”

इथे थांबा. प्रत्येकीने दोन मिनिटांत कागदावर लिहायचे: मी आणखी काय बघेन आणि का. तोंडी विचारले की सीनियर सिस्टर बोलतात आणि बाकीच्या मान डोलावतात, म्हणून लिहूनच घ्या.

पुढचा नियम कडक पाळा: जे विचारले तेवढेच सांगायचे. नाडी विचारली तर 112, बीपी 100/82, श्वास 22, ऑक्सिजन 97, तापमान 37, रुग्ण शुद्धीवर. हात लावून बघते म्हणाली, तर हात गार. पोटाचे विचारले, तर दुखते आहे, सकाळपासून तीन उलट्या. लघवी विचारली, तर सहा तासांत 90 मिली. लघवी कुणीच विचारली नाही, तर त्या दिवशी तोच धडा.

आता हिशेब. न्यूज-2 पद्धतीने (नाडी, बीपी, श्वास वगैरे नेहमीपेक्षा किती ढळले त्याचे गुण देऊन धोका ओळखण्याची पद्धत) श्वासाचे 2, बीपीचे 2, नाडीचे 2, बेरीज 6. पाच किंवा जास्त म्हणजे डॉक्टरांना तातडीने कळवायचे. (ही गुणपद्धत 16 वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला लावू नका.) पण खरी मेख या बेरजेबाहेर आहे. वरच्या-खालच्या बीपीतला फरक फक्त 18. डेंग्यूत तो 20 किंवा कमी झाला आणि हात गार असले की शॉक सुरू झालेला असतो. लघवी ताशी किलोमागे निदान अर्धा मिली हवी, म्हणजे सहा तासांत 180. इथे ती निम्मीच आहे. ताप उतरतो त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागते, पुढचे 24 ते 48 तास धोक्याचे असतात. हे कारण कळले की आईच्या प्रश्नाचे उत्तर सिस्टर स्वतःच देते.

उत्तर बरोबर आले तरी दोन प्रश्न विचाराच: “दुसरे काय असू शकेल?” आणि “तुझा अंदाज चुकीचा असेल, तर ते कशावरून कळेल?”

फोनचा सराव

विचार बरोबर असूनही “सर, पेशंटला बरं वाटत नाही” एवढ्यावर फोन संपतो. एकीला डॉक्टर करा, दुसरीला एका मिनिटात चार गोष्टी सांगू द्या: आत्ता काय चालले आहे, पार्श्वभूमी, माझे निरीक्षण, आणि मला काय हवे. चौथी हमखास गळते. ते वाक्य मोठ्याने म्हणवून घ्या: “सर, मला शॉकची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावे, आणि हिमॅटोक्रिट पाठवू का?” (हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण किती, याची तपासणी.) डॉक्टर येईपर्यंत दर 15 मिनिटांनी नाडी-बीपी, आयव्हीची लाईन चालू आहे ना ते बघणे, दुखते म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन अजिबात नाही, त्याने रक्तस्राव वाढतो.

कुठे फसते

सगळ्यात आधी श्वासात. अनेक चार्टवर प्रत्येक रुग्णाचा श्वास 20 असतो, कारण तो मोजलेला नसतो. घड्याळ लावून पूर्ण 60 सेकंद मोजायला लावा, आणि रुग्णाला न सांगता. सांगितले की त्याची लय बदलते. रुग्ण बिघडताना बरेचदा आधी श्वासच बदलतो, त्यामुळे इथे तडजोड करू नका.

दुसरे, केस सांगताना सुरुवातीलाच “हा डेंग्यू शॉकचा पेशंट” म्हटले की विचार तिथेच बंद. तिसरे, चुकीच्या उत्तरावर इन्चार्जने सर्वांसमोर रागावणे. पुढच्या बैठकीत कुणी तोंड उघडत नाही.

डेंग्यू पक्का झाला की मे महिन्यासाठी उष्माघात घ्या: 40 अंशांवर ताप आणि असंबद्ध बोलणे, घाम येत असला तरी. मग सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, यात अधूनमधून तीव्र कळा येतात), विदर्भात तो हवाच: छातीत दुखणे, ताप आणि उतरता ऑक्सिजन एकत्र दिसले, तर नेहमीची कळ समजून वाट बघायची नाही.

शिकवलेले उतरले का, हे परीक्षेने कळत नाही. दर आठवड्याला दहा चार्ट काढा आणि बिघडलेला पहिला आकडा ते डॉक्टरांना फोन, यात किती मिनिटे गेली ते लिहा. फोनची वेळच नोंदलेली नसेल, तर पुढची बैठक त्यावरच घ्या.