एचआयव्ही, सततचा थकवा आणि पुन्हा व्यायाम : या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक बरं वाटतं त्या दिवशी होते. आठवडाभर अंग जड असतं, मग एका सकाळी हुशारी वाटते आणि राहिलेला सगळा व्यायाम त्याच दिवशी उरकला जातो. त्या वेळी काहीच त्रास होत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. नंतर दोन दिवस अंथरूण सुटत नाही. म्हणून व्यायाम झेपला की नाही, हे तिसऱ्या दिवशी सकाळी ठरवा. दहा मिनिटं चालून तेव्हा नेहमीसारखंच वाटलं, तर एक-दोन आठवडे तेवढंच चाला आणि मग दोन-तीन मिनिटं वाढवा. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. आठवड्याला १५० मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा बरोबरच आहे, पण सुरुवातीलाच तो गाठायचा हट्ट नको.

थोड्याशा श्रमानंतरही दरवेळी एक-दोन दिवसांनी झोप, डोकं, अंगदुखी सगळंच बिघडत असेल, तर वाढवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. क्रॉनिक फटीग सिंड्रोम या दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या आजारात असं होतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये या आजारासाठी पायरीपायरीने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली. इथे जिद्द उलटते.

‘एचआयव्ही आहे म्हणजे थकवा असणारच’ असं धरून चालणं ही दुसरी चूक. हिमोग्लोबिन, थायरॉइड, टीबी, नैराश्य, झोप हे सगळं आधी तपासून घ्या. एचआयव्हीच्या औषधांपैकी झिडोव्हुडिनने रक्त कमी होऊ शकतं, एफाविरेंझने झोप मोडते. एचआयव्हीच्या गोळ्यांसोबत दिलं जाणारं रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट चालू असताना दम्यासाठी फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा पंप घेतला, तर मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी मंदावतात आणि कमालीचा थकवा येतो. डॉक्टर वेगळे असले की हे निसटतं, म्हणून सगळ्या औषधांची यादी प्रत्येकाला दाखवा. मात्र गोळी किंवा पंप स्वतःहून बंद करू नका.

जिममधल्या पावडरी जपून. कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम असलेली पावडर किंवा गोळी डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाचं शोषण कमी करते. साधारण नियम असा, की डोल्युटेग्रॅव्हिर आधी घेऊन दोन तास जाऊ द्यावेत, किंवा पूरक घेतल्यावर सहा तास थांबावं. क्रिएटिन ही स्नायूंसाठीची पावडर घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. त्याने रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे ज्यावरून मूत्रपिंडाचं काम तपासतात ते, वाढतं; डोल्युटेग्रॅव्हिरनेही मूत्रपिंडाला धक्का न लागता ते थोडं वाढतं, आणि मग रिपोर्ट पाहून उगाच घबराट होते. जड वजनं उचलल्यावर लिव्हरच्या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या एन्झाइमचे आकडेही चढतात, कारण ते एन्झाइम स्नायूंतही असतात. तपासणीच्या आधीचे काही दिवस हलकाच व्यायाम ठेवा.

पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर अनवाणी व्यायाम नको. बूट काढल्यावर तळवे पाहा. छातीत दुखलं, चक्कर आली, ताप असला तर त्या दिवशी सुट्टी आणि डॉक्टरांना फोन. लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि लाजून घरी बसणं, हीही चूकच. घामाने, मशीनला हात लावल्याने एचआयव्ही पसरत नाही. ट्रेनरला निदान सांगायची सक्ती नाही. ‘थकवा लवकर येतो, भार हळू वाढवा’ एवढं सांगितलं तरी काम भागतं. तरीही तो रेटत राहिला, तर ट्रेनर बदला.