पूल नव्हता, म्हणून प्रकरण सापडलं

माझ्या कादंबरीतला जासूद १८५७ च्या आश्विनात पंचवटीतून निघतो, घोड्यावरून पूल ओलांडतो आणि सिन्नरच्या वाटेला लागतो, असं मी लिहिलं होतं. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एका काकांना ती पानं वाचायला दिली. दुसऱ्याच पानावर त्यांनी बोट ठेवलं. "अगं, तेव्हा पूल कुठे होता? होळकर पूल व्हायला अजून चाळीसेक वर्षं होती."

ते प्रकरण फाडून पुन्हा लिहायला घेतलं. पूल नाही म्हणजे जासूदाला गोदेचं पाणी उतरायची वाट पाहावी लागणार, नाहीतर नावाड्याची मनधरणी करावी लागणार. नावाडी विचारणार, "एवढी कसली घाई?" मग जासूद थाप मारणार, आणि ती थाप संध्याकाळपर्यंत बाजारात पोचणार. आधीच्या खर्ड्यात घोडा नुसता दौडत होता. आता त्या माणसाच्या पोटात गोळा आला होता आणि वाचणाऱ्याच्याही.

इंग्रजी अमदानीतली साहसकथा लिहायला निघालेल्यांना मी त्या दिवसापासून एकच सांगते: दोन वह्या करा. एकीत काय घडलं ते लिहा, दुसरीत त्या माणसांना काय करता येत नव्हतं ते. माझी दुसरी वही पहिलीच्या दुप्पट जाड आहे आणि कादंबरी बहुतेक तिच्यातूनच आली.

मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात हिशेब लिहिते. इतिहास शिकलेला नाही. हातात रविवार आणि सुट्ट्या. विषय घेतला भिल्लांचे पुढारी भागोजी नाईक यांच्या बंडाचा. नांदूर शिंगोटे, म्हणजे नाशिक-पुणे रस्त्यावरचं सिन्नर तालुक्यातलं गाव. तिथे ४ ऑक्टोबर १८५७ रोजी भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री मारला गेला. त्यानंतर दोन वर्षं हा मुलूख धुमसत राहिला. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरे गावाजवळ इंग्रज अधिकारी फ्रँक सौटरच्या तुकडीशी लढताना भागोजी पडले. हाच सौटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला.

सुरुवातीचे कित्येक रविवार मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. नाशिकची गोष्ट म्हणून नाशिक जिल्ह्याचे कागद धुंडाळत होते. पण नाशिक जिल्हा झाला १८६९ साली! १८५७ मध्ये सिन्नर अहमदनगरच्या कलेक्टराखाली होतं आणि हेन्रीही नगरचाच. तेव्हा आधी आपलं गाव त्या साली कुठल्या जिल्ह्यात होतं ते पाहा, मगच मुंबईच्या पुराभिलेखागारात पाऊल टाका. पेशवाईपर्यंत मागे जायचं असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कागदपत्रांचा संग्रह, आणि त्यासाठी मोडी शिकावी लागेल. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. पहिले दोन महिने डोळ्यांत पाणी येतं. मग एके दिवशी एखादं नाव अचानक वाचता येतं, आणि तो आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, मात्र घरबसल्या वाचता येतं. जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली निघालेला नाशिकचा खंड १८८३ चा आहे आणि सरकारने तो आंतरजालावर ठेवलाय. लढायांच्या तारखांपाशी थांबू नका. बारीक मजकूर वाचा. भिल्लांच्या बंदोबस्तासाठी कॅप्टन नटॉलने कोळ्यांची पलटण उभी केली. तिचा वेष असा: डोक्याला गडद हिरवा पटका, अंगात हिरवा कोट, गुडघ्यापर्यंतचं रक्तासारख्या गडद रंगाचं धोतर, पायात वहाणा. तंबू नाहीत, सामानाच्या गाड्या नाहीत. सगळं सामान पाठीवरच्या पिशवीत, आणि स्वयंपाकाची भांडी कूच करताना आपसांत वाटून घेतलेली. हे वाचलं आणि मला एक पूर्ण प्रसंग दिसला: ज्याच्या वाट्याला तवा आलाय तो शिपाई चकमकीनंतर दिसत नाही, आणि बाकीचे त्या रात्री भाकरीवाचून बसलेत. त्याच्या मरणाची बातमी मी कुणाच्या तोंडी घातलीच नाही.

गॅझेटियर वाचताना एक गोष्ट सतत मनाशी धरावी लागते. ते राज्यकर्त्यांनी लिहिलंय. त्यात भिल्लांच्या जमावाला टोळी म्हटलंय, त्यांच्या उठण्याला उपद्रव. भागोजी आधी पोलिसांतच नोकरीला होते, पुढे शिक्षा भोगून आले, सुटल्यावर चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला गेला, हेही तिथेच मिळतं, पण एका ओळीत. त्या एका ओळीवर मी चाळीस पानं लिहिली. साहेबाच्या नोंदीतलं विशेषण आपल्या निवेदनात उतरलं की आपण नकळत त्याच्या बाजूने उभे राहतो. कागदातून घटना घ्या. माणसाला काय म्हणायचं ते ठरवायचा अधिकार त्या कागदाला देऊ नका.

पंचांग हे माझं लाडकं साधन. १८ सप्टेंबर १८५७ ला सूर्यग्रहण होतं, म्हणजे ती सर्वपित्री अमावास्या. तिथून मोजत आलात की हेन्री पडला तो दिवस कोजागिरीला लागून येतो. मी त्या रात्री काळोखात पळणारी माणसं रंगवली होती! लख्ख चांदणं, पावसाळा नुकताच सरलेला, उभी बाजरी. लपायचं तर पिकात, आणि पीक हललं की टेकडीवरून दिसणार. पुन्हा अडचण, पुन्हा प्रसंग.

हत्यारांचंही तसंच. तोड्याची (पेटत्या वातीची) बंदूक, चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीची) बंदूक, टोपीची (स्फोटक टोपीवर घाव घालून उडणारी) बंदूक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तोड्याचा निखारा रात्री दुरून दिसतो आणि त्याचा वास येतो. चकमकीची बंदूक पावसात दगा देते. नळीच्या तोंडातून दारूगोळी ठासायच्या बंदुकीतून कसलेला शिपाई मिनिटाला फार तर दोन-तीन बार काढू शकतो, म्हणजे एक बार चुकला तर पुढची वीस-तीस सेकंदं तो उघडा पडतो. झुंज लिहिताना मी मोठ्याने आकडे मोजत ठासणीच्या हालचाली करून पाहिल्या. तेवढ्या वेळात माणूस किती पावलं धावतो तेही अंगणात पळून पाहिलं.

संवादांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. दुसरी आवृत्ती नेमकी १८५७ ची, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. माझा नायक 'क्रांती' म्हणत होता. त्या काळी तो शब्द सूर्याच्या भ्रमणाचा, ज्योतिषातला. लोक बंड म्हणत, फितूर म्हणत, दंगा म्हणत. तरी सगळी भाषा जुनी करू नका, वाचणारा दमतो. मी एवढंच पाळते की तेव्हा नसलेला शब्द पात्राच्या तोंडी जाऊ नये. चहाही तसाच: तेव्हाच्या सिन्नरच्या खेड्यात कुणी पाहुण्याला चहा विचारत नव्हतं.

नाशिककरांना कलेक्टर जॅक्सनच्या वधावर लिहावंसं वाटतं, ते स्वाभाविक आहे. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, 'शारदा'चा प्रयोग, अनंत कान्हेरे. पण तिथे शेवट शाळकरी पोरालाही पाठ असतो, त्यामुळे पुढे काय होणार ही उत्कंठा मिळत नाही. लिहायचंच असेल तर ज्याचं पुढे काय झालं ते कुणाला ठाऊक नाही असं माणूस घ्या: दारावरचा तिकीटवाला, दिवे सांभाळणारा पोरगा.

आणि चाला. नाशिकहून नांदूर शिंगोटे मोटारसायकलने तासाभराचं आहे. मी सिन्नरपासून पुढे पायी गेले, पहाटे निघून. वाटेत एका वस्तीवर आजोबांनी विचारलं, "पोरी, गाडी चुकली का?" मी म्हटलं, "नाही बाबा, जुन्या काळी किती वेळ लागायचा ते बघतेय." ते हसले नाहीत. उठून रस्ता सोडून शेताकडे हात केला. "मग हिकडून कशाला चाललीस? सडक तर आत्ताची. जुनी वाट त्या वढ्यातनं जायाची."

त्या ओढ्यातून गेले. वाट लांबची निघाली, पण सावलीची, आणि रस्त्यावरून अजिबात न दिसणारी. घरी येऊन सातवं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय.