मॅस्टॉइडचं ऑपरेशन: चेहऱ्याची नस कशी जपायची, आधी आणि नंतर काय बघायचं

कान वर्षानुवर्षं फुटतोय, पुवाला घाण वास येतोय आणि डॉक्टर म्हणतात कानामागचं हाड, म्हणजे मॅस्टॉइड, सडलंय. अशा वेळी संमतीपत्रावर चेहऱ्याच्या नसेचा उल्लेख असतोच. पहिल्या ऑपरेशनमध्ये तिला इजा होण्याचं प्रमाण साधारण 100 जणांत एक. दुसऱ्यांदा कान उघडताना धोका वाढतो, कारण सर्जन ज्या खुणांवरून नस ओळखतो त्या आधीच गेलेल्या असतात.

ही नस मधल्या कानातून हाडाच्या बारीक नळीत जाते. मधल्या कानातल्या रिकिबीच्या आकाराच्या इवल्याशा हाडाच्या वरच्या बाजूला ही नळी पातळ असते, कित्येकांत जन्मतःच उघडी. कोलेस्टिअटोमाने, म्हणजे मधल्या कानात वाढणाऱ्या त्वचेच्या गाठीने, उरलेलं हाड खाल्लं की रोग आणि नस एकमेकांना चिकटतात. पुढे आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या आडव्या अर्धवर्तुळाकार नलिकेखाली नस वळून कानामागच्या हाडात उतरते. ड्रिल लागण्याची भीती या वळणावर जास्त. म्हणून नसेजवळ हिऱ्याची बर (ड्रिलचं फिरणारं टोक) वापरतात, ती नसेच्या दिशेला समांतर फिरवतात आणि पाण्याची धार थांबू देत नाहीत. बर नसेला न टेकताही नुसत्या उष्णतेने ती दुखावते.

ऑपरेशनआधी कानाच्या हाडाचा एचआरसीटी (बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन) आणि जुने कागद बरोबर न्या. पूर्वी कधी तोंड वाकडं झालं असेल तर आवर्जून सांगा. मोबाइलवर व्हिडिओ काढा: कपाळाला आठ्या, डोळे घट्ट मिटणं, दात दाखवणं, गाल फुगवणं. नंतर तुलनेला हाच कामी येतो. नर्व्ह मॉनिटर, म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालीवरून नसेबद्दल इशारा देणारं यंत्र, आहे का, हेही विचारा. तो लावला तर भूलतज्ज्ञाला स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर उतरू द्यावा लागतो, नाहीतर यंत्र गप्प राहतं. मॉनिटर असावा, पण सर्जनने अशी किती ऑपरेशनं केली आहेत हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा.

शुद्धीवर आल्यावर त्याच चार हालचाली करून घ्या आणि वेळ लिहून ठेवा. पुढचं सगळं या नोंदीवर ठरतं. जागं होताच एक बाजू लुळी असेल तर कानाजवळ दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनचा परिणाम असू शकतो. तो काही तासांत उतरतो. कानात घट्ट बसलेलं पॅकिंगही (भरलेली पट्टी) नस दाबतं, ते डॉक्टर सैल करतात. एवढं करूनही ती बाजू अजिबात हलत नसेल, तर कान पुन्हा उघडून नस तपासावी लागते. नस तुटलेली असल्यास मानेतल्या संवेदी नसेचा तुकडा जोडतात. मग हालचाल यायला सहा महिने किंवा जास्त लागतात आणि चेहरा पूर्ण पूर्ववत होत नाही.

पहिल्या दिवशी चेहरा ठीक होता आणि चार-आठ दिवसांनी कमजोरी आली, तर ती बहुधा सुजेमुळे असते. स्टेरॉइडने बहुतेकांना बरं वाटतं, पण त्याच दिवशी दाखवा. मधुमेह असेल तर या गोळ्यांनी साखर चढते, रोज तपासा.

डोळा मिटत नसेल तर दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम लावून पापणी टेपने बंद. डोळा लाल झाला किंवा दुखू लागला तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. कोरड्या बुबुळावर जखम व्हायला वेळ लागत नाही.

जिभेच्या एका बाजूला धातूसारखी चव येणं मात्र वेगळं. चवीची बारीक फांदी पडद्यामागून जाते, ती ओढली किंवा कापली जाते. काही महिन्यांत ते बहुधा जाणवेनासं होतं.