‘लांबचे काका’ म्हणजे नक्की कोण? या चुका टाळा

‘लांब’ अंतर सांगतो (हडपसर लांब पडतं), लांबी सांगतो (लांब केस) आणि ‘चा’ चिकटला की नातंही सांगतो. एवढ्याशा ‘चा’ने काय काय होतं, ते पुण्यातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात माइकजवळ उभं राहिलं की कळतं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘लांबचा’ आणि ‘लांब राहणारा’ एकच समजणं. अशाच एका लग्नात सूत्रसंचालकाने जाहीर केलं, ‘आता वधूचे लांबचे काका स्टेजवर येत आहेत.’ त्याला म्हणायचं होतं, सुमारे 700 किलोमीटरवरून, नागपूरहून आलेले. काका होते मुलीच्या वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ! रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस एका वाक्यात परका झाला. पंगतीत त्यांनी जिलबीला हात लावला नाही आणि ‘आम्ही काय, लांबचेच’ हे काकूंनी संध्याकाळपर्यंत भेटेल त्याला ऐकवलं. ‘नागपूरहून आलेले काका’ म्हटलं असतं, तर काही बिघडलं नसतं.

म्हणून ‘लांबचा’ कशाला लागलाय ते आधी बघा. प्रवास, रस्ता, गाव यांना लागला तर अंतर. भाऊ, काका, मामा यांना लागला तर नातं. अमेरिकेत स्थायिक झालेला सख्खा भाऊ ‘लांब असतो’, तो ‘लांबचा भाऊ’ होत नाही. आणि लांबचा भाऊ त्याच वाड्यात, वरच्या मजल्यावर राहत असू शकतो. ‘लांबचा मित्र’ हा प्रकार मराठीत नाहीच.

दुसरी चूक ‘कझिन’मुळे शिरली. चुलत, मावस, आते, मामे असे चार नेमके शब्द हाताशी असताना लोक आधी सगळ्यांना कझिन करतात आणि मराठीत लिहायची वेळ आली की सरसकट ‘लांबचा भाऊ’ ठोकून देतात. शब्द शोधायचा कंटाळा, दुसरं काय. ही चारही नाती जवळचीच. शंका आली तर नातं पूर्ण उलगडून ‘चा-ची-च्या’ मोजावेत. मावसभाऊ म्हणजे आईच्या बहिणीचा मुलगा: दोन. वडिलांच्या आत्याचा नातू म्हणजे वडिलांच्या वडिलांच्या बहिणीच्या मुलाचा मुलगा: चार. तिनापासून पुढे लांबचं म्हणायला हरकत नाही, पण तेही त्या माणसाच्या माघारी. तोंडावर ‘आमच्या नात्यातले’ म्हणावं.

वंशावळीत किंवा प्रतिज्ञापत्रात ‘लांबचे नातेवाईक’ लिहू नका, तिथे पिढ्या लागतात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नातं (एकाच पूर्वजापासून आलेलं जवळचं नातं) आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंत धरलंय, आणि पहिली पिढी आपली स्वतःची. हे विसरून लोक आईवडिलांपासून मोजतात आणि एका पिढीने चुकतात.

‘सगे’ आणि ‘सोयरे’ एक नव्हेत: सगे रक्ताचे, सोयरे लग्नाने जोडलेले.

‘लांब’च्या जागी दर वेळी ‘दूर’ चालत नाही. ‘दूर काठी’ कोणी म्हणत नाही. नात्यात मात्र दोन्ही चालतात. बोलताना ‘लांबचा’, छापील मजकुरात बऱ्याचदा ‘दूरचा’.

‘घरातून लांब’ नव्हे, ‘घरापासून लांब’.

‘दूर’, ‘दूरचा’ दीर्घ. ‘दुरून’, ‘दुरावा’ ऱ्हस्व. फ्लेक्सवर ‘दूरून डोंगर साजरे’ दिसलं की डोळे मिटून घ्यावेसे वाटतात.

आणि डोळ्यांवरून आठवलं: ‘मला लांबचं दिसत नाही’ म्हणणाऱ्याला निकटदृष्टिता असते, दूरदृष्टिता नव्हे. चष्म्याचा नंबर उणे असतो.