टोमॅटोच्या फळात शिरण्याआधी अळीला गाठा

टोमॅटोला भोक पडलेलं दिसलं की हात आपोआप फवारणीच्या पंपाकडे जातो. पण तोवर उशीर झालेला असतो. अळी फळाच्या आत आणि औषध सालीवर, अशी गत होते. अंड्यातून बाहेर आलेली अळी पहिले काही दिवस कोवळी पानं, कळ्या आणि फुलं कुरतडते आणि मग फळात घुसते. तिचा बंदोबस्त करायचा तो याच मधल्या दिवसांत. त्यामुळे कोणतं औषध मारलं यापेक्षा झाड किती वेळा आणि कुठे बघितलं, यावर पीक वाचणं न वाचणं ठरतं.

आधी अळी ओळखा

फळ पोखरणारी मुख्य अळी म्हणजे हेलिकोव्हर्पा, हरभऱ्यावर जिला घाटे अळी म्हणतात तीच. रंगावर जाऊ नका. ती हिरवी, पिवळसर, तपकिरी, जवळजवळ काळीही असते, मात्र अंगाच्या दोन्ही बाजूंना लांबट पट्टे असतात. पूर्ण वाढल्यावर ती साधारण साडेतीन-चार सेंटिमीटर भरते. फळ खाताना बऱ्याचदा तिचं पुढचं अर्धं अंग आत आणि मागचं अर्धं बाहेर असतं. एका फळात सहसा एकच अळी सापडते, कारण मोठी अळी आपल्याच जातीच्या दुसऱ्या अळीला खाऊन टाकते.

दुसरी आहे तंबाखूची पानं खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा. हिची मादी पानाखाली एकाच ठिकाणी पुंजक्याने अंडी घालते आणि त्यावर भुरकट केसांचं आवरण घालते. पिल्लं सुरुवातीला घोळक्याने राहून पानाचा हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे पान जाळीदार, कागदासारखं दिसतं. मोठ्या झाल्या की त्या दिवसा मातीच्या ढेकळांखाली लपतात आणि रात्री खातात.

तिसरी उंटअळी. चालताना पाठीची कमान करते, पानं खाते, फळाला फारसा त्रास देत नाही. पानात वेडेवाकडे पारदर्शक डाग आणि फळावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर ती टुटा, म्हणजे नागअळी. तिचा माग वेगळा ठेवावा लागतो आणि डागाळलेली पानं तोडून नष्ट करणं हा तिच्यावरचा पहिला उपाय.

कधी आणि कुठे बघायचं

पहिल्या कळ्या दिसल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी सकाळी झाडं तपासा. उबदार हवेत अंडं तीन ते पाच दिवसांत उबतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा बघून भागत नाही.

हेलिकोव्हर्पाची मादी अंडी एकेक सुटी घालते, बहुतेक झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागात: शेंड्याची कोवळी पानं, फुलांच्या घोसाजवळची पानं, कळीचा देठ. अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटरचं, खसखशीच्या दाण्यासारखं, पिवळसर पांढरं. भिंगातून बघितलं तर त्यावर वरून खाली उभ्या बारीक रेघा दिसतात. उबण्याआधी ते गडद होतं. अंडं पूर्ण काळं पडलं असेल तर मात्र ते चिरडू नका, बहुधा त्यात ट्रायकोग्रामा नावाची सूक्ष्म गांधीलमाशी वाढत असते.

अंडी दिसली नाहीत तर विष्ठा शोधा. खालच्या पानावर हिरवट-काळ्या बारीक गोळ्या पडल्या असतील तर त्याच्या सरळ वर बघा. विष्ठा ओली आणि हिरवी असली तर अळी अजून तिथेच आहे. सुकून काळी पडली असली तर ती पुढे सरकली आहे.

हाताने वेचणं

दहा-वीस झाडांच्या बागेत हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि तो कमी लेखू नये. पहाटे किंवा दिवस मावळल्यावर टॉर्च घेऊन फिरा, अळ्या तेव्हा बाहेर असतात. वेचलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाका. स्पोडोप्टेराची जाळीदार झालेली पानं अळ्यांसकट तोडली की शेकडो अळ्या एका झटक्यात जातात.

भोक पडलेलं प्रत्येक फळ, हिरवं असलं तरी, लगेच तोडा. एक अळी एका फळावर थांबत नाही, एक अर्धवट खाऊन दुसऱ्यात शिरते. तोडलेली फळं उघड्या खताच्या ढिगावर टाकू नका. अळी तिथून बाहेर पडून मातीत कोष करते. फळं एक रात्र साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा काळ्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा.

अळीच्या अंगावर किंवा शेजारी पांढरे, तांदळाच्या दाण्यासारखे कोष चिकटलेले दिसले तर ती अळी तशीच राहू द्या. ते अळीवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशीचे कोष असतात आणि त्यातून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्या शोधतात.

बीटीची फवारणी

अंडी किंवा एक सेंटिमीटरच्या आतल्या अळ्या दिसू लागल्या की बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूंचं औषध, वापरा. डब्यावर ‘कुर्स्टाकी’ हा प्रकार लिहिलेला असावा. ‘इस्राएलेन्सिस’ डासांच्या अळ्यांसाठी असतो, त्याचा इथे काही उपयोग नाही. त्रास मुख्यतः स्पोडोप्टेराचा असेल तर ‘आयझावाय’ प्रकार जास्त चांगलं काम करतो.

हे जिवाणू अळीच्या अंगावर पडून काही होत नाही, ते तिच्या पोटात जावे लागतात. तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात जिवाणूंचे प्रथिनांचे स्फटिक विरघळतात आणि आतड्याच्या भिंतीला भोकं पाडतात. म्हणून अळी जिथे खाणार आहे तिथेच औषध पोचलं पाहिजे.

भुकटी असेल तर बहुतेक उत्पादनांचं प्रमाण लिटरला एक ते दोन ग्रॅम असतं, पण डब्यावरचंच प्रमाण अंतिम माना. पाच लिटर पाण्यासाठी लागणारी भुकटी आधी वाटीभर पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग पंपात ओता. लेबलला चालत असेल तर चिकट द्रव घाला. पाण्याचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या आसपास ठेवा. तो ८ च्या वर असेल तर स्फटिक पंपातच विरघळू लागतात, अशा पाण्यात थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून सामू खाली आणा. याच कारणाने बीटीत कपड्याचा साबण किंवा बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) मिसळू नका.

फवारा ऊन उतरल्यावर. उन्हातल्या अतिनील किरणांनी बीटी दोन-चार दिवसांत निकामी होतं, संध्याकाळी मारलं तर निदान पहिली रात्र पूर्ण मिळते. नोझलमधून बारीक तुषार निघू द्या. शेंडे, कळ्या, पानांची खालची बाजू आणि लहान फळांचे देठ ओले झाले पाहिजेत. नवीन पालवीवर औषध नसतं, म्हणून अंडी दिसत असेपर्यंत पाच ते सात दिवसांनी पुन्हा फवारा आणि जोराचा पाऊस झाला तर त्यानंतर लगेच. कालवलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

इथे एक चूक वारंवार होते. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसते आणि औषध फुकट गेलं असं वाटून लोक वरून तीव्र कीटकनाशक मारतात. खरं तर बीटी पोटात गेलेली अळी काही तासांतच खाणं सोडते, मरायला मात्र दोन ते पाच दिवस लागतात. ती हलते का हे बघू नका, ताजी विष्ठा पडते का ते बघा. तिसऱ्या दिवशी अळी मलूल होऊन काळपट पडलेली सापडेल. घाईने मारलेल्या कीटकनाशकाने मित्रकीटक मरतात आणि पुढची पिढी जास्त जोमाने येते.

बीटी मधमाश्यांना धोकादायक नाही, पण फुलपाखरांच्या अळ्यांनाही ते मारतं. अशा अळ्या असणाऱ्या शेजारच्या कागदी लिंबाच्या झाडावर तुषार उडू देऊ नका.

निंबोळी अर्क आणि विषाणू

५ टक्के निंबोळी अर्काचं मुख्य काम मारणं नाही. मादी अशा पानावर अंडी घालायला कचरते, अळी खायला नाखूश होते आणि तिचं कात टाकणं बिघडतं. १० लिटरसाठी निंबोळीच्या बियांतल्या गराची अर्धा किलो भरड दोन-तीन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दुहेरी फडक्यातून पिळून गाळा, पाणी घालून १० लिटर करा आणि २० ग्रॅम साबण विरघळवून मिसळा. नीट गाळलं नाही तर नोझल तुंबतो. अर्क त्याच दिवशी संध्याकाळी वापरा. भर उन्हात मारला तर पानं करपतात. कळ्या धरायच्या सुमारास सुरू केला तर त्याचा उपयोग जास्त.

हेलिकोव्हर्पावर एचएएनपीव्ही हा विषाणूही मिळतो. तो इतर कीटकांना आणि माणसाला त्रास देत नाही. वापरायची वेळ बीटीसारखीच, अळी लहान असताना, संध्याकाळी. रोगट अळी शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांवर उलटी लटकून मरते. तिची कातडी इतकी नाजूक होते की बोट लागताच फुटते आणि आतला द्रव पानावर ओघळतो. त्या द्रवात विषाणू असतात आणि त्यातूनच इतर अळ्यांना लागण होते. म्हणून लटकलेल्या अळ्या साफ करू नका.

सापळे, झेंडू आणि जाळी

कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने ओढणाऱ्या सापळ्यात, फक्त नर पतंग सापडतात, त्यामुळे एका सापळ्याने छोट्या बागेतली कीड आटोक्यात येत नाही. त्याचा फायदा वेळ कळण्यात आहे. सापळा बागेच्या कडेला, शेंड्यांच्या वर साधारण ३० सेंटिमीटरवर टांगा. पतंग वाढू लागले की पुढच्या दोन-तीन दिवसांत अंडी शोधायला लागा. हेलिकोव्हर्पा आणि स्पोडोप्टेरा यांचे ल्युअर (सापळ्यात ठेवायचे गंध) वेगळे असतात, ते एकाच सापळ्यात घालू नका.

टोमॅटोबरोबर झेंडू लावण्याची शिफारस बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, वय मात्र क्वचित सांगितलं जातं. टोमॅटोची रोपं २५ दिवसांची असतील तर झेंडूची ४० ते ४५ दिवसांची हवीत, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलावर येतात आणि मादी झेंडूकडे वळते. मोठ्या क्षेत्रात टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ पुरते. झेंडूच्या फुलांवरच्या अळ्या वेचल्या नाहीत तर तोच झेंडू अळ्यांची रोपवाटिका होतो.

चार-सहा झाडंच असतील तर मच्छरदाणीसारखी जाळी कमानीसारख्या आधारांवर ताणून, कडा मातीत दाबून लावा. पानं जाळीला टेकली तर पतंग बाहेरून अंडी घालतो. जाळीत वारा कमी लागतो, म्हणून फुलांचे घोस सकाळी हलकेच हलवा, परागीभवन होतं.

तरीही अळी आवरत नसेल तर

खताकडे बघा. नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत, दाट होतं आणि त्या दाटीत अंडी दिसतही नाहीत, फवाराही पोचत नाही. खालची पिवळी पानं काढून हवा खेळती करा. अळ्या दीड सेंटिमीटरच्या वर गेल्या असतील तर बीटीवर विसंबू नका, आधी वेचा. त्यानंतरही गरज पडली तर टोमॅटोसाठी नोंदणी असलेलं स्पिनोसॅड हे कीटकनाशक लेबलच्या प्रमाणात, मधमाश्या घरट्यात परतल्यावर फवारा, कारण ओलं असताना ते त्यांना घातक असतं. लेबलवर लिहिलेला काढणीपूर्व काळ (फवारणी आणि तोडणी यांच्यातले दिवस) संपेपर्यंत फळं तोडू नका.

पीक निघाल्यावर

वाळलेली झाडं उपटा आणि खालची माती १० ते १५ सेंटिमीटर खोल उलटी करा. तांबूस तपकिरी, चकचकीत, दोन सेंटिमीटरच्या आतबाहेरचे कोष सापडतील, ते ठेचा. उरलेले उन्हाने आणि पक्ष्यांनी संपतात. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा माती हलवा, पहिल्या वेळी ढेकळांत राहिलेले कोष तेव्हा वर येतात.