आधी एक खोली, मग पडवी: कोकणात वाढतं छोटं घर कसं आखावं

कोकणातली बरीच जुनी घरं एका दमात उभी राहिलेली नाहीत. आधी माजघर आणि ओटी. मग कुटुंब वाढलं, गुरं आली, की छपराचा उतार पुढे ओढून पडवी काढायची. छोटं घर बांधायला निघालेल्या कुणालाही मी आधी हीच रीत सांगते. घर खुशाल लहान बांधा, पण ते कोणत्या अंगाने वाढणार हे पहिला चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, बसायच्या आत ठरवा. इथे मी १२ बाय २० फुटांची एक खोली धरली आहे आणि जमीन रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची.

१. जमीन पावसात पाहा

सातबारा, वाट आणि बांधकामाची परवानगी यांची चौकशी आधी करा. गावठाण, बिनशेती आणि शेतजमीन यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा ग्रामपंचायत आणि तलाठी कार्यालयात जाऊन समोरासमोर विचारा. मग जुलैत, धो धो पाऊस असताना, छत्री घेऊन जागेवर जा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं आणि कुठून निघून जातं हे तेव्हाच दिसतं. पाणी वाहतं त्या वाटेत चौथरा नको. बाकी ठिकाणीही जोतं दोन फूट तरी उचला.

२. फक्की मारून घर जमिनीवर आखा

कागदावर १२ फूट रुंदी पुरेशी वाटते. अंगणात चुन्याची फक्की मारून खोली आखा, त्यात खरीखुरी खाट ठेवा, स्वयंपाकाच्या ओट्याच्या जागी टेबल ठेवा आणि अर्धा दिवस तिथे वावरून बघा. खाटेच्या कडेने भरली बादली घेऊन जाता येतं का? दोघांना ओट्याशी उभं राहता येतं का? आज चुन्याची रेघ पुसायला काही लागत नाही.

३. पाणी एकाच भिंतीला

लांब भिंती पूर्व आणि पश्चिमेला, आखूड भिंती उत्तर-दक्षिणेला ठेवा. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ओटा, मोरी, न्हाणी, संडास हे सगळं उत्तरेच्या भिंतीला पाठीला पाठ लावून घ्या. धूर आणि वास घरात न शिरता बाहेर जातो, नळाचे पाइपही थोडक्यात आटोपतात. ही भिंत पुढे कधी हलवायची नाही, त्यामुळे वाढीसाठी बाकीच्या तीन बाजू मोकळ्या राहतात. शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. जांभ्यातून पाणी सहज झिरपतं, म्हणून जागा असेल तर अंतर आणखी वाढवा.

४. भिंतीची उंची पडवीवरून काढा

एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. मंगलोरी कौलांना आपल्या पावसात दर दोन फुटांमागे एक फूट उतार हवा, त्याहून सपाट नको. म्हणजे आठ फूट रुंद पडवी काढली की छप्पर चार फूट खाली येतं. पडवीच्या खांबाशी सात फूट उंची हवी असेल, तर मूळ भिंत ११ फूट पाहिजे. खांबापुढे छपराचं पाखं दोन फूट बाहेर काढलं की वळचण, म्हणजे छपराची खालची कड, सहा फुटांवर येते. एवढी ठीक.

आमच्या घरी पश्चिमेची भिंत ९ फुटांवर थांबली. पुढे आईसाठी पडवी काढायची वेळ आली तेव्हा कौलांचा उतार धरला तर पलीकडे पाचच फूट उंची उरत होती. शेवटी जवळजवळ सपाट पत्रा टाकला. पहिल्याच पावसात झडीचं पाणी पत्र्याच्या सांध्यातून उलटं चढलं आणि आईच्या उशाशी टपटपू लागलं. रात्रभर ती पातेलं सरकवत बसली होती. दोन फूट चिऱ्यांचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता.

उंच भिंतीचा आणखी एक फायदा आहे. १२ फूट रुंदीच्या मधोमध आढं, म्हणजे छपराची सर्वांत उंच आडवी तुळई, १४ फुटांवर जातं. मग खोलीच्या अर्ध्या भागावर साडेसात फुटांवर माळा घातला, तर आढ्याखाली साडेसहा फूट मिळतात. पाहुणे वर निजतात, एरवी धान्य आणि पुस्तकं राहतात.

५. उद्याची दारं आज बांधून ठेवा

पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीत प्रत्येकी एका खिडकीवरचं लिंटेल, म्हणजे वरची आडवी तुळई, दाराच्या मापाचं आणि दाराच्या उंचीवर टाका. पुढे खिडकीखालचे चिरे काढले की दार तयार. दक्षिणेच्या कोपऱ्यांवर एक आड एक चिरा थोडा बाहेर काढून ठेवायला गवंड्याला सांगा, म्हणजे नवी भिंत जुनीत गुंतते. त्या बाजूला आढं आणि वासे तसेच पुढे नेता येतात. विजेच्या दोन रिकाम्या नळ्या पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर काढून टोपण लावून ठेवा.

पहिली वाढ शक्यतो पश्चिमेला करा. पावसाचा मारा त्याच भिंतीवर असतो आणि पडवी तिला आडोसा देते. तोवर नारळाची झापं बांधून भिंत झाकता येते.

६. उजेड, ऊन, पाणी

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, म्हणून उन्हाचा मुख्य मार छपरालाच बसतो. कौलांखाली घट्ट सीलिंग ठोकू नका, गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाऊ द्या. तीन-चार काचेची कौलं बसवा. सकाळी ओट्यावर पडणारा कवडसा दुपारपर्यंत खाटेवर सरकतो, दिवसा दिवा लागत नाही. आतल्या आडभिंती चिऱ्यांच्या नकोत, कपाट आणि पडदा पुरतो.

पाखी धरून या छपराचं क्षेत्र सुमारे ३४ चौरस मीटर होतं. हंगामात ३००० मिलीमीटर पाऊस पडला तर त्यावर एक लाख लिटर पाणी उतरतं. पन्हाळी आणि टाकीची जागा उत्तरेच्या भिंतीशी आताच राखून ठेवा.

७. कौलं जास्तीची घ्या

दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, खाचा जुळत नाहीत. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, म्हणजे वर सांगितलेल्या पडवीला तीनशेच्या आसपास. जमलं तर तीही याच खेपेत आणा आणि उत्तरेला बाहेर आलेल्या छपराखाली, जमिनीला न टेकवता, फळ्यांवर उभी रचून ठेवा.